माझ्या हातचा प्रसाद

चर्चमध्ये प्रसादाची चकती पुढे धरून मी "ख्रिस्ताचं शरीर" म्हणाले आणि समोरच्या काकूंनी तोंड मिटून घेतलं. आमेन नाही. बाजूला सरकल्या, फादरांच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. मागोमाग त्यांची थोरली सून. माझ्या रांगेत उरली ती फक्त गावाबाहेरच्या आमच्या वस्तीची माणसं.

मिस्सेची प्रार्थना संपल्यावर चपला शोधता शोधता काकू म्हणाल्या, "मनात नको घेऊ बाई. आमी फादरच्याच हातचं घेतो."

हातचं. काकूंच्या शेतावर माझ्या आईला पाणी वरून ओतलं जायचं, तेव्हापासून हा शब्द मला ठाऊक आहे. पुढे काकूंचं घरही ख्रिस्ती झालं. शब्द तोच राहिला.

चर्चमधल्या मुलांना मीच शिकवते: संस्कारात कृपा ख्रिस्त देतो, हात कुणाचाही असो. तिथे मात्र चपला घातल्या आणि निघाले. घरी येऊन वही उघडली. चर्चमधल्या कामांच्या पाळ्या मीच लावते. फादरांखेरीज प्रसाद द्यायची परवानगी दोघींनाच, मला आणि काकूंच्या थोरल्या सुनेला. माझं नाव खोडलं, सगळ्या पाळ्या तिला दिल्या. फादरांना सांगितलं, गुडघे दुखतात. गुडघे ठणठणीत होते.

आजाऱ्यांना घरी प्रसाद नेणंही त्यातच आलं. सून वस्तीत येणार नाही, हे मला माहीत होतं. वस्तीत माझी मावशी अंथरुणाला खिळलेली. दर रविवारी विचारायची, "तुया हाताले काय झालं वं? लकवा मारला काय?" आम्ही दोघी हसायचो.

एका दुपारी तिला घरघर लागली. फादर कारंज्याला होते. सुनेला फोन लावला. "पाव्हणे जेवून राह्यले. मले नाई जमत." मरणाआधी द्यायचा प्रसाद चर्चमध्ये होता. चावी माझ्या कमरेला. वहीत माझं नाव नव्हतं, म्हणून मी उठले नाही. मावशी प्रसादाविना गेली.

फादरांपुढे पापनिवेदन केलं. क्षमा मिळाली. तरी खरं ते खरंच: काकूंनी तोंड मिटलं, नाव मी खोडलं.

गेल्या रविवारी सगळ्यांसमोर पाळ्या वाचल्या. वहीत परत लिहिलेलं माझं नाव वाचलं. गुडघ्यांचं खोटं सांगितलं, मावशीचं सांगितलं.

काकू म्हणाल्या, "घरच्या गोष्टी इथं कायले?"

"घरच्या नाहीत, काकू. वस्तीत माणूस प्रसादाविना मेलं."

फादर नसतील तेव्हा प्रसाद मी देणार, गावात आणि वस्तीत. नको असेल त्यानं उपाशी जावं. मी हटणार नाही.