‘छान आहे’ म्हणणाऱ्यांची वस्ती

पारखीबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते लोकांनी ठेवलं, आणि बाईंनी ते इतक्या आनंदाने स्वीकारलं की खऱ्या नावाने कुणी हाक मारली तर त्या मागे वळून दुसरं कोण आहे ते बघत. धंदा घरांच्या दलालीचा. शहरात दलाल पैशाला पासरी मिळतात, पण बाईंची गोष्ट वेगळी होती. गिऱ्हाईक घर बघत असताना त्या घरात पाऊलसुद्धा टाकत नसत. नळ चालतो का, भिंतीला ओल आहे का, हे ज्याचं त्याने बघावं. त्या खाली रस्त्यावर उभ्या राहून वस्तीची नाडी बघत. ही वस्ती वर चालली आहे की बुडते आहे, एवढं एकच त्यांना सांगायचं असे, आणि ते त्या न विचारताही सांगत.

त्यांची रीत साधी होती. कुठल्याही अनोळखी वस्तीत जायचं, एखाद्या दुकानात काहीतरी किरकोळ काम काढायचं आणि सहज म्हणायचं, “छान आहे हो तुमची वस्ती.” मग गप्प बसून ऐकायचं. बाईंना गप्प बसणं फार जड जात असे, पण कामाचा भाग म्हणून त्या ते सोसत.

समोरचा माणूस उसळून म्हणाला, “छान? कसली छान? तो रस्ता बघा, तीन वेळा खणून ठेवलाय,” आणि पुढे कचरा, दिवे, कुत्री, वरच्या मजल्यावरचं गाणं शिकणारं पोर, असं सगळं त्याने पदरात घातलं, की बाईंचा चेहरा खुलायचा. वस्ती जिवंत आहे! आणि समोरचा जर गोड हसून म्हणाला, “हो, खरंच छान आहे, शांत आहे, हवा चांगली आहे,” तर बाई सुट्टे पैसे परत घ्यायलाही थांबत नसत.

“ज्याला राहायचंय तो भांडतो,” त्या म्हणत. “जो मनाने कधीच निघून गेलाय, तो कशाला कुणाशी वाकडं घेईल? आणि ज्याला विकायचंय तो तर शिव्या देणारच नाही.”

ही रीत आजवर फसली नव्हती. गोदामांच्या मागच्या गल्लीत एका बाईने त्यांना फुटक्या फुटपाथाबद्दल एवढं सुनावलं की जणू तो बाईंनीच फोडला होता. बाईंनी त्याच आठवड्यात एका मास्तर जोडप्याला तिथे घर घ्यायला लावलं. आज तिथे वाचनालय आहे, फुलांचं दुकान आहे, आणि मास्तर भेटले की दुरूनच हात जोडतात. उलट तळ्याकाठच्या नव्या वसाहतीत एकूण एक माणूस खूश होता. बाईंनी तिथूनच स्कूटर वळवली. आता तिथे निम्म्या खिडक्यांवर ‘भाड्याने देणे आहे’च्या पाट्या लटकताहेत. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच.

बाईंचे यजमान बसचे निवृत्त ड्रायव्हर. दिवसभर तक्रारी करणं हा त्यांचा छंद होता. “हिने मला पसंत केलं ते उगाच नाही,” ते लोकांना सांगत. “माझी कुरकुर ऐकून हिला वाटलं, हा माणूस टिकणार.”

अशा या पारखीबाईंपुढे एका रविवारी पेच आला तो घरचाच. त्यांची थोरली बहीण, अक्का, बंद पडलेल्या काच कारखान्याजवळच्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहत होती. अक्कांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. कारखाना बंद पडल्यापासून बाईंचं एकच पालुपद होतं: वेळेत विक, नंतर कुत्रं विचारणार नाही. आता गिऱ्हाईक चालून आलं होतं. नवराबायको दोघंही नोकरी करणारे, घर आवडलेलं, आणि ते संध्याकाळी पाच वाजता उत्तर घ्यायला येणार होते.

अक्कांना विचारलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं. “तू म्हणशील ते, धाकटे.”

अठ्ठावन्न वर्षांच्या, चष्मा लावणाऱ्या, शहरभर दरारा असलेल्या बाईला ‘धाकटे’ म्हणणारं जगात हे एकच माणूस उरलं होतं. आणि ‘तू म्हणशील ते’ हे अक्कांनी आयुष्यभर म्हटलं होतं. आधी वडिलांना, मग नवऱ्याला, आता बहिणीला. शाळा सोड म्हटलं, सोडली. हे घर घेऊ म्हटलं, बरं म्हटलं. पारखीबाईंना त्यात कधी काही वावगं दिसलं नाही. कुणीतरी ठरवायला हवं, आणि ठरवणं त्यांना चांगलं जमत होतं.

तरीही बहिणीच्या घराचा मामला. नुसत्या अंदाजाने कसं सांगायचं? म्हणून दुपारी बाई यजमानांना घेऊन रीतसर नाडी बघायला निघाल्या.

कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे त्यांनी जॅकेटची चेन बदलायला दिली आणि म्हणाल्या, “छान आहे हो तुमची वस्ती.”

शिंप्याने मान वर केली. “स्वर्ग आहे, ताई. दुसरीकडे मला झोप लागत नाही.”

बाई पावती न घेताच बाहेर पडल्या. शेजारी औषधाचं दुकान होतं. तिथे त्यांनी खोकल्याच्या गोळ्या घेतल्या आणि तोच खडा टाकून पाहिला.

“फार चांगली वस्ती,” औषधवाला म्हणाला. “हवा अशी की इथे कोणी आजारीच पडत नाही.”

इमारतीच्या दारात तळमजल्यावरच्या वहिनी भेटल्या. बाईंनी अजून तोंड उघडलं नव्हतं तोच वहिनी सुरू झाल्या, “काय सांगू तुम्हाला, इथलं पाणी इतकं गोड! आणि शेजार तर काय, एका आईची लेकरं. आवाज चढवलेला कधी ऐकला नाही.”

बाई जिन्यातच थांबल्या. इतक्या वर्षांच्या धंद्यात असा एकमुखी निकाल त्यांनी पाहिला नव्हता. तळ्याकाठची वसाहतही हिच्यापुढे बरी म्हणायची.

“अगं, पण औषधवाला म्हणतो कोणी आजारी पडत नाही,” यजमान मागून म्हणाले. “मग त्याचं पोट कशावर चालतं?”

“तुम्हाला काय कळतं त्यातलं,” बाई म्हणाल्या.

वर जाऊन त्यांनी पदर खोचला आणि निकाल दिला. “अक्का, विकून टाक. वस्ती संपली. एकानेसुद्धा तक्रार केली नाही बघ. सगळ्यांची मनं इथून उठली आहेत.”

अक्कांनी त्यांच्याकडे पाहिलं. “कोणीच नाही केली?”

“कोणीच नाही. स्वर्ग काय, गोड पाणी काय. आता उशीर नको. माझ्या इमारतीत तिसरा मजला रिकामा आहे, लिफ्ट आहे, रोज भेटता येईल.”

“बरं,” अक्का म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. तिथून नळाचा आवाज येऊ लागला. अक्का सकाळीच धुऊन ठेवलेले कप पुन्हा धूत होत्या. बाहेर बाई लिफ्टचं कौतुक सांगत होत्या, तिसऱ्या मजल्यावरून दिसणारी झाडं सांगत होत्या. यजमान मात्र उठून जिन्याकडच्या दारापाशी गेले, आणि तिथेच उभे राहिले.

“जरा इकडे ये गं,” ते हळूच म्हणाले. “आणि बोलू नकोस.”

खाली जिन्यात शिंपी, औषधवाला आणि वहिनी जमले होते. निकाल काय लागला ते ऐकायला तिघं एकत्र आली होती, पण दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचायच्या आतच त्यांची जुंपली होती.

“पाणी गोड आहे म्हणायला तुम्हाला सांगितलं कोणी?” शिंपी दबक्या आवाजात ओरडत होता. “मंगळवारपासून थेंब नाही नळाला. ती बाई वर जाऊन नळ सोडेल तेव्हा?”

“टाकीत आहे थोडं. आणि पंपाला पैसे द्यायचे म्हटलं की तुम्ही दुकान बंद करून पळता,” वहिनी म्हणाल्या. “तो पंप मी दोनदा दुरुस्त करून घेतला, एकटीने.”

“पंपाचं सोडा. नालीचं काय?” औषधवाला मध्ये पडला. “पाच अर्ज दिलेत मी. परवा पालिकेच्या ऑफिसात साहेब येईपर्यंत ठाण मांडून बसलो.”

“बसलात आणि चहा पिऊन आलात,” शिंपी म्हणाला.

“आलो, पण तारीख घेऊन आलो! आणि कोणी आजारी पडत नाही असं म्हणावं लागलं मला, अक्कांसाठी. अर्धी गल्ली खोकतेय त्या नालीने.”

“अक्कांनी एवढंच सांगितलं होतं की बहिणीपुढे चांगलं बोला,” वहिनी म्हणाल्या. “स्वर्ग कोणी काढायला सांगितला होता? अति झालं ना ते.”

पारखीबाई वर कठड्याला धरून उभ्या होत्या. पंप, नाली, अर्ज, दिवे, कोपऱ्यावरची पडकी भिंत. एकेक तक्रार कानावर येत होती आणि त्यांचा चेहरा उजळत चालला होता. कारखाना बंद पडला होता, पण इथला एकही माणूस मनाने कुठे गेला नव्हता. मग एकदम त्यांना हसू फुटलं. पदर तोंडात कोंबला तरी आवरेना. शहरभर ज्या रीतीचा डंका त्या पिटत होत्या, ती सख्ख्या बहिणीला मात्र कधी धड सांगितली नव्हती. बिचारी लोकांकडून चांगलं वदवून घर वाचवायला गेली आणि घालवून बसली होती.

डोळे पुसत त्या स्वयंपाकघरात गेल्या. “तू पढवलंस ना गं त्यांना?”

अक्कांनी नळ बंद केला. “हो.”

“मग मलाच का नाही सांगितलंस, विकायचं नाही म्हणून?”

“तुला काही सांगता येतं का?” अक्का म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, पण शब्द नेमका होता. “तू विचारतेस आणि उत्तरही तूच देतेस. म्हटलं, तुझ्याच तोंडून ‘राहा’ असं येऊ दे.”

बाईंना हे लागलं. खरं असलं की लागतंच. पण त्या क्षणी आनंद एवढा होता की लागलेलं बाजूला सारून त्या म्हणाल्या, “अगं मग ऐक तर. मी निकाल फिरवते. असे भांडणारे लोक मी कुठे पाहिले नाहीत. ही वस्ती वर येणार. चार वर्षांत बघ, इथे लोक रांगा लावतील. मी सांगते, घर ठेव.”

“नको,” अक्का म्हणाल्या.

“काय नको?”

“तुझा निकाल नको. वस्ती वर येऊ दे नाहीतर पार बुडू दे. मी इथेच राहणार आहे.” अक्कांनी ओले हात पुसले आणि मग, जणू आपणच बोललो का याची खात्री करायला, पुन्हा म्हणाल्या, “मी ठरवलंय.”

यजमान स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, त्यांनाही कुरकुरायला काही सापडेना. पारखीबाई बहिणीकडे बघत राहिल्या. सत्तरीला आलेली ही बाई त्यांना फार आवडली, आणि इतकी वर्षं आपण हिला बोलूच दिलं नाही याची लाजही वाटली.

तेवढ्यात बेल वाजली. पाच वाजले होते. सवयीने बाई पुढे सरसावल्या. गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणायचं याच्या त्यांच्याकडे साताठ तऱ्हा होत्या. अक्कांनी त्यांचा दंड धरला आणि त्यांना मागे सारलं. मग स्वतः जाऊन दार उघडलं.

दारात ते जोडपं होतं, आणि त्यांच्या मागे जिन्यात शिंपी, औषधवाला आणि वहिनी श्वास रोखून उभे होते.

“घर विकायचं नाही,” अक्का म्हणाल्या. “तुम्हाला हेलपाटा पडला, माफ करा. पण आलाच आहात तर आत या. तुम्ही मागचेही या, उभे काय राहिलात?” आणि मान न वळवता त्यांनी आतल्या बाजूला हुकूम सोडला, “धाकटे, सात-आठ कप चहा टाक. आणि साखर बेताची.”

पारखीबाईंच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. ते त्यांनी गिळलं आणि निमूटपणे पातेलं शोधायला लागल्या.