एका गुरुवारात तीन सुट्ट्या

आमच्या कंपनीत वर्षाला दहा पगारी सुट्ट्या मिळतात. त्या कोणत्या, हे डिसेंबरात ठरतं. कामगारांच्या कमिटीतले आम्ही पाच जण आणि एचआरच्या मॅडम एका टेबलाभोवती बसतो, चहा-बिस्किटं येतात, आणि वर्षभर साठवलेलं भांडण एका दुपारी उरकून घेतो. सण पंधरा आणि जागा दहा, त्यामुळे कुणाला तरी उठवल्याशिवाय कुणाला बसवता येत नाही.

त्या डिसेंबरात यादी लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर चांगलं आहे. अक्षर चांगलं म्हणजे डोकंही चांगलं, हा लोकांचा गैरसमज शाळेपासून माझ्या फायद्याचा ठरत आला आहे. मी आदल्या वर्षीची यादी वरून खाली वाचली. प्रजासत्ताक दिन होता, महाराष्ट्र दिन होता, दसरा होता, दिवाळीचा पाडवा होता, भाऊबीज होती. एक दिवस मात्र नव्हता, आणि तो नाही म्हटल्यावर माझ्या अंगात वारं शिरलं. मी उभाच राहिलो.

"मॅडम, या यादीत सगळ्यांचे दिवस आहेत. पण ज्यांच्या घामावर इथले प्रेस चालतात, त्या कामगारांचा दिवस कुठंय?"

मॅडम माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या. "कामगार दिन? वेगळा लिहायचाय? नक्की?"

"नक्की म्हणजे काय, हवाच!"

"मग दहातला एक काढावा लागेल."

"काढा भाऊबीज," मी म्हणालो. "बहिणीला फोन करता येतो. हक्काला फोन करता येत नाही!"

कमिटीने टेबल वाजवलं. मॅडमनी पेन पुढे केलं. मी माझ्या त्या प्रसिद्ध अक्षरात यादीच्या शेवटी 'कामगार दिन' लिहिलं, खाली ठळक रेघ ओढली, आणि सगळ्यांनी सह्या केल्या. मीही केली, जरा मोठीच.

आता कुणी विचारेल, राव, तुम्हाला तारखा माहीत नव्हत्या? होत्या की. महाराष्ट्र दिन एक मेला असतो हे मला तिसरीपासून पाठ आहे. कामगार दिन एक मेला असतो हे नोकरीला लागल्यापासून पाठ आहे. दोघंही माझ्या एकाच डोक्यात भाड्याने राहत होते, पण वेगवेगळ्या मजल्यांवर. जिन्यात त्यांची कधी गाठच पडली नव्हती. आणि यादीत तारखेचा रकाना आखायचा मी आळस केला होता.

माझ्या शेजारच्या प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबायच्या मशीनवर, माझा एक जोडीदार काम करतो. अंबाजोगाईकडचा. आई लहानपणीच गेली, मोठ्या बहिणीने वाढवला. तिला तो अक्का म्हणतो आणि हयात असलेल्या देवासारखं तिचं नाव घेतो. दोन वर्षं त्याला भाऊबीजेला जाता आलं नव्हतं. एकदा ऑर्डरची घाई होती, एकदा मशीन बिघडलं. दिवाळीच्या आठवड्यात रजा आमच्याकडे पाळीने मिळते आणि त्याची पाळी अजून लांब होती. पाडवा आणि भाऊबीज या दोन सुट्ट्या लागून आल्या तरच त्याचं जाणं-येणं जमणार होतं.

त्या संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये तो माझ्या शेजारी येऊन बसला.

"भाऊबीज काढलाव म्हणं?"

"अरे, लढाईत काहीतरी द्यावं लागतं."

चाकणच्या चौकात बस अडकली तेव्हा तो म्हणाला, "अक्काला यंदा नक्की येतो म्हणून बसलो होतो." मग माझ्याच गुडघ्यावर थाप मारून म्हणाला, "जाऊ द्या. तुमी केलाव म्हणजे इचार करूनच केलं असंल."

ही थाप मला पुढे चार महिने पुरली.

एप्रिल संपत आला आणि गेटवरच्या फळ्यावर नोटीस लागली. 'गुरुवार दिनांक १ मे रोजी महाराष्ट्र दिन व कामगार दिनानिमित्त कंपनी बंद राहील.' दहाच्या चहाला सगळे फळ्यापाशी उभे होते. मेंटेनन्समध्ये आमचे एक चाचा आहेत, तळेगावचे, माझ्या नोकरीपेक्षा त्यांचा पाना जुना. ते चष्मा कपाळावर ढकलून नोटीस वाचत होते. वाचून झाल्यावर ते शेजारच्या सुट्ट्यांच्या यादीकडे वळले आणि बोटाने मोजायला लागले.

"ह्ये काय रं? एक मे दोनदा हाय."

"कुठं?"

"ह्यो महाराष्ट्र दिन, तीन नंबरला. आन ह्यो कामगार दिन, दहाला. दोन्ही एकाच दिवशी. आन त्यो दिवस गुरुवार. गुरुवारी तर आपल्याला तशीबी सुट्टीच!"

आमच्या पट्ट्यात बऱ्याच कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. सणाची सुट्टी गुरुवारी आली की ती बुडाली, तिच्या बदल्यात दुसरी मिळत नाही. म्हणजे मी एका दिवसात तीन सुट्ट्या कोंबल्या होत्या.

"कुणी लिवली रं ही यादी?" चाचांनी विचारलं. अक्षर बघून त्यांना कळलंच होतं. "आमचा सण चंद्र दिसल्यावर ठरतो, तरी आमचं चुकत न्हाई. तुझा एक मे तर छापून येतो राव!"

पोरं हसून हसून वाकली. कुणी म्हणालं, "भाऊ, पंधरा ऑगस्टलाच स्वातंत्र्य दिन पण टाका की!" मीही हसलो असतो. पण माझा जोडीदार हसत नव्हता. चहाचा कप हातात तसाच धरून तो यादीकडे बघत होता.

"म्हणजे," तो हळू आवाजात म्हणाला, "भाऊबीज गेली ती फुकटच?"

मी यादीतल्या माझ्याच ठळक रेघेवर अंगठा घासत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मॅडमच्या केबिनबाहेर बूट पुसत उभा राहिलो. आत गेलो आणि सगळं कबूल केलं. त्या जराही चकित झाल्या नाहीत.

"मी विचारलं होतं तुम्हाला, नक्की का म्हणून."

"पण मॅडम, तुम्हाला माहीत होतं तर सांगायचं ना!"

"मला वाटलं मानाचा प्रश्न आहे. दिवस एकच असला तरी कामगारांचं नाव वेगळं हवं, असं तुमचं म्हणणं असेल. तुम्ही बोललातही तसंच. मला तर भाषण आवडलं होतं."

"आता बदलता येईल?"

"सह्या झाल्यात, प्रत वर गेलीय. आता हात लावला की प्रत्येक जण आपला सण घेऊन येईल. सॉरी."

माझं भाषण एकाच माणसाला खरोखर पटलं होतं, आणि तो माणूस नेमका टेबलाच्या चुकीच्या बाजूला बसला होता.

एक मे उजाडला. चिंचवडला आमच्या सोसायटीत झेंडावंदन झालं, पेढा मिळाला. तो घेऊन मी घरी आलो आणि पंख्याखाली पडून राहिलो. तिन्ही सुट्ट्या एकदम उपभोगायच्या होत्या, पण एकही अंगी लागेना. बायको दूधवाल्याचे खाडे लिहायला कॅलेंडरपाशी उभी होती.

"काय झालंय तुम्हाला? चार दिवस तोंड पाडून फिरताय."

मी सांगितलं. भाषण थोडं कापून सांगितलं, पण तिने बरोबर तेवढंच पुन्हा सांगायला लावलं. 'बहिणीला फोन करता येतो' या वाक्याला तिने माझ्याकडे जे बघितलं, ते इथे लिहीत नाही. मग तिने कॅलेंडरची पानं उलटायला सुरुवात केली. मे, जून, जुलै. ऑक्टोबरवर थांबली.

"अहो, भाऊबीज गुरुवारी आहे."

"असेल."

"असेल काय? गुरुवारी तुम्हाला सुट्टीच असते ना?"

मी उठून बसलो. मग उभा राहिलो. कॅलेंडरला नाक लावून बघितलं. बुधवारी पाडवा, तो यादीत होता. गुरुवारी भाऊबीज. यादीत असती तरी बुडालीच असती, आणि नसली तरी सुट्टी होतीच. माझ्या मूर्खपणाने कुणाचं काहीही, अगदी तिळाएवढंही, गेलेलं नव्हतं. चार महिन्यांत आमच्यापैकी एकानेही, मोजणाऱ्या चाचांनीही, ऑक्टोबरचं पान उलटलं नव्हतं. मी भिंतीला टेकलो आणि मला इतकं हलकं वाटलं की पेढा हातात आहे हे विसरून मी तो कॅलेंडरवरच दाबला.

जोडीदाराला फोन लावला. "अरे, भाऊबीज गुरुवारी आहे!"

"मग?"

"मग काय मग! गुरुवार, लेका! आधी पाडवा, मग गुरुवार! लागून आलेत!"

पलीकडे त्याच्या घरात कुठेतरी कॅलेंडर खिळ्यावरून काढल्याचा आवाज, पानं फडफडल्याचा आवाज, आणि मग त्याचं ओरडणं, पण माझ्याशी नाही, बायकोशी. "अगं, अक्काला फोन लाव! आत्ता लाव!" माझा फोन त्याने कट केला. त्याचा मला मुळीच राग आला नाही.

ऑक्टोबरात तो गेला. पाडव्याच्या पहाटे निघाला आणि शुक्रवारी दुपारच्या शिफ्टला हजर झाला, डोळे तांबारलेले, मनगटाला अत्तराचा वास. प्रेस सुरू करण्याआधी त्याने माझ्या हातात एक स्टीलचा डबा ठेवला. आत अनारसे होते.

"अक्कानं दिलंय. तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी? तिला काय सांगितलंस तू?"

"सगळं सांगितलं. मीटिंगमधलं ते फोनचं पण." तो दात काढून हसला. "अक्का म्हणली, त्या भावाला म्हणावं, खा. आन हक्काला फोन लागला का ते मला कळवा."

चाचा मागून आलेच होते. त्यांनी न विचारता दोन उचलले. मी एक खाल्ला आणि माझ्या त्या फोनच्या वाक्यावर पहिल्यांदाच त्यांच्याबरोबर हसलो.