नरकातल्यासाठी गहू

मृतांच्या शनिवारी ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या आमच्या गावात बायका उकडलेल्या गोड गव्हाचं ताट चर्चमध्ये नेतात आणि आपल्या मेलेल्यांच्या नावांची चिठ्ठी पाद्र्यांना देतात. माझी आर्गिरो आत्या दरसाल एकच नाव लिहायची: तिचा भाऊ स्टेलिओस, म्हणजे माझे वडील. युद्धात गावातल्याच मानूसोसनं चुगली केली आणि जर्मनांनी त्यांना गोळी घातली. पुढं मानूसोस मेला, तेव्हा त्याच्यासाठी गहू शिजवणारं गावात कुणी नव्हतं.

त्या वर्षी आत्याची चिठ्ठी वाचताना पाद्री अडखळले. "आर्गिरो, मानूसोस? तो नरकात आहे गं!"

"म्हणूनच लिहिलंय, फादर. स्वर्गातल्यांना माझ्या गव्हाची काय गरज?"

"भावाच्या वैऱ्याला गोडधोड!" मागून एका म्हाताऱ्यानं टोमणा मारला.

आत्या गर्रकन वळली. "दाराबाहेर कुणी उपाशी असताना माझा भाऊ कधी जेवायला बसला नाही. तिथंही बसला नसेल. आणि देव काय त्याच्याहून कोत्या मनाचा आहे?"

पाद्र्यांनी दोन्ही नावं वाचली. दुसऱ्या नावाला सगळ्यांत मोठ्यानं 'आमेन' मी म्हटलं. आर्गिरोची भाची आहे मी.