माउस फिरवणारी भाची

माझी भाची विमा कार्यालयात दावे तपासते. कामाच्या डोंगराखाली दबलेली, म्हणून तिला मदतनीस हवी होती. कुणावर किती भार आहे ते कळावं म्हणून कार्यालयाने सगळ्यांच्या संगणकावरची हालचाल नोंदवायला घेतली. ही पडली भित्री! रिकामी दिसू नये म्हणून पडद्यावरचे कागद वाचतानाही माउस गरागरा फिरवत बसली.

नोंद तपासणाऱ्या बाई वैतागल्या. "ताई, यात काम कुठलं आणि कसरत कुठली?"

भाचीने मला रडत फोन केला. "मावशी, माझी नोंदच बिघडली, आता कसली मदतनीस!"

"अगं, मग खरं सांग की! तोंडाला कुलूप लावलंय का?"

तिने त्या बाईंना सांगितलं. पुन्हा नोंद झाली, हात स्वस्थ ठेवून. पडद्यावर दाव्याचे कागद उघडे आणि माउस स्थिर, म्हणजे निम्मा दिवस नुसत्या वाचनात जातो, हे लख्ख दिसलं. सोमवारपासून तिच्या शेजारी मदतनीस बसते.