शेवटचे रीळ

जी गोष्ट मी आता लिहिणार आहे ती माझ्या नवऱ्याला ठाऊक नाही, वडिलांना नाही, आणि जिला सर्वांत आधी ठाऊक असायला हवी होती तिला तर नाहीच. प्रयोगशाळेत माझी ख्याती अशी की मी नोंदीत खाडाखोड करत नाही. ती ख्याती खरी आहे. कदाचित म्हणूनच हे इतकी वर्षे झाकून राहिले — जी बाई रंगाच्या छटेतला केसभर फरक सोडत नाही, ती एका चित्रपटाबद्दल खोटे बोलेल, अशी शंका कोणाला यावी?

एका चित्रपटाबद्दल, असे लिहून गेले. पण एकाच का? क्रमाने सांगते.

एम.एस्सी. झाल्याबरोबर मला चिंचवडच्या एका रंगांच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ म्हणून नोकरी लागली. प्रयोगशाळेत मी एकटीच स्त्री होते आणि मला पुढे जायचे होते — किती पुढे ते ठरवलेले नव्हते, पण लवकर. त्या काळात पुण्यातले एक चित्रपट मंडळ महिन्यातून एका रविवारी, संध्याकाळी, डेक्कनजवळच्या सभागृहात परदेशी चित्रपट दाखवत असे. थिएटरात जे कधीच लागले नसते असे. मी सभासद झाले. एका चित्रपटात हवामान केंद्रावरचा कारकून रोज नेमाने पावसाचा अंदाज पाठवत राहतो, आणि तो ज्या कचेरीला पाठवतो ती बंद पडून कित्येक वर्षे झालेली असतात. दुसऱ्यात एका गावातले सगळे आरसे नाहीसे होतात, आणि माणसे शेजाऱ्याच्या दारात जाऊन विचारू लागतात — मी आज कशी दिसते? असल्या चित्रपटांत माझे डोके आठवडाभर गुंतून राही. तुम्हाला कधी असे काही पाहायला मिळाले, तर अवश्य पाहा. निदान ही शिफारस तरी प्रामाणिक आहे.

अडचण बसची होती. चित्रपट संपायच्या आत उठले तरच चिंचवडची बस मिळे. ती चुकली की पुढची फार उशिरा. आणि चिंचवडच्या स्टॉपवर वडील उभे असत — कानाला मफलर, हातात बॅटरी, खिशात भाजलेले शेंगदाणे. म्हणून शेवटचे रीळ लागले की मी चपला हातात घेऊन, वाकून, लोकांच्या गुडघ्यांवर आपटत बाहेर पडे. बसमधून उतरले की वडील विचारत, "संपला का पिक्चर?" मी म्हणे, "हो." मी अर्ध्यातून उठते हे त्यांना कळले असते तर त्यांनी मला पुढच्या बसने यायला लावले असते, आणि स्वतः तोवर थंडीत उभे राहिले असते. मग ते विचारत, "शेवट काय झाला?" — आणि स्टॉपपासून घरापर्यंत, बॅटरीच्या उजेडात खड्डे चुकवत, मी त्यांना शेवट सांगे. हे मी सबब म्हणून सांगत नाही. सुरुवात इथे झाली, एवढेच.

शास्त्रात याला बहिर्वेशन म्हणतात. हातात असलेल्या बिंदूंवरून आलेखाची रेषा पुढे वाढवायची, जिथे मोजमाप घेतलेलेच नाही तिथवर. त्यात गैर काही नाही. अट अशी की वाढवलेला भाग तुटक रेषेने दाखवायचा. म्हणजे वाचणाऱ्याला समजते की इथवर पाहिले आहे आणि इथून पुढे अंदाज आहे. मी सलग रेषा काढत होते.

घरी सांगितलेला शेवट सोमवारी कँटीनमध्ये पुन्हा सांगितला जाई, जरा अधिक सफाईने. आम्हा बायकांचे टेबल खिडकीशी होते. टेलिफोन ऑपरेटर सुलभाताई आमच्यात सर्वांत वडील आणि सर्वांत तिखट. डबा उघडता उघडता त्या सुरुवात करत, "काय विद्या, काल कोण कोण खिडकीबाहेर बघत बसलं? आमच्या पिक्चरात निदान गाणं तरी लागतं, तेवढ्यात उठून चहा टाकता येतो." सगळ्या हसत. पण भाकरीचा दुसरा तुकडा मोडेपर्यंत त्यासुद्धा ऐकू लागत. त्या टेबलावर मी तज्ज्ञ होते. मी चांगला म्हटला तो चित्रपट चांगला, मी ज्याचा जो अर्थ लावला तो अर्थ — पडताळून पाहणार कोण? मला हे आवडत होते. किती आवडत होते, ते आज लिहिताना जाणवते.

सर्वांत मन लावून ऐके ती शकू. पॅकिंगमध्ये रंगाच्या डब्यांवर झाकणे बसवण्याचे तिचे काम. तिचे वडील नगर जिल्ह्यातून कारखान्यात आलेले, घर पिंपरीत, आणि त्या घरात मॅट्रिक झालेली ती पहिली. ती इतरांसारखी मध्ये हसत नसे, प्रश्न विचारी. आरशांच्या चित्रपटानंतर तिने विचारले होते, "मग शेजारीण खरं सांगती का ओ ताई?"

आता त्या चित्रपटाकडे येते. एक बर्फाळ गाव. तिथल्या सूतगिरणीत काम करणारी एक बाई. गावावरून रोज एक गाडी जाते. ती इथे थांबत नाही. एके दिवशी, काही कारण न देता, गाडी मिनिटभर थांबू लागते. बाई रोज पेटी भरून फलाटावर येते, रोज माघारी जाते. गिरणीतल्या बायका आधी हसतात, मग चिडतात, मग तिच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. शेवटी एका सकाळी ती पेटी उचलते आणि गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवते —

तिथे मी चपला हातात घेतल्या.

सोमवारी मी हा चित्रपट सांगितला तेव्हा एक गोष्ट मला माहीत होती. सकाळीच सुलभाताईंनी कानावर घातली होती. सोलापूरला नर्सिंगच्या शिक्षणासाठी शकूची निवड झाली होती, आणि त्याच महिन्यात कारखाना तिला पर्मनंट करणार होता. आमच्या या पट्ट्यात 'पर्मनंट' या शब्दाला काय वजन आहे, ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. इथे मुलगा झाल्यावर वाटतात तसे पर्मनंट झाल्यावर पेढे वाटतात. शकूचा थोरला भाऊ कित्येक वर्षे बदली कामगार होता; सकाळी कुठल्या ना कुठल्या गेटवर जाऊन उभा राही, कोणी गैरहजर असेल तर आत. तो तिला म्हणाला होता, "लोकं गेटवर चपला झिजवत्यात, अन् तू आतली भाईर चालली? भांडी उचलायला दवाखान्यातली?" आई तर बोलतच नव्हती.

हे सगळे माहीत असताना मी शेवट सांगितला. बाई पायरी चढते, खिडकीशी बसते, गाडी सुटते.

शकूने घास खाली ठेवला. "ती मागं वळून बघती का?"

"नाही," मी म्हणाले. "एकदाही नाही."

तिचे भले व्हावे म्हणून मी तसे म्हणाले, असे आज लिहिता येईल. ते खरे नाही. टेबल गप्प झाले होते, सुलभाताईंच्या हातातला चमचा थांबला होता, आणि मला एक सुरेख वाक्य सुचले होते — एवढेच. ज्या मुलीचे सगळे आयुष्य त्या उत्तराकडे कान लावून होते तिच्याकडे मी पाहिलेसुद्धा नाही; मी पाहत होते ते सगळ्या टेबलाकडे.

त्याच आठवड्यात शकूने राजीनामा दिला. जाताना प्रयोगशाळेच्या दाराशी आली, आत येण्याची तिला परवानगी नव्हती. उंबऱ्याबाहेरून म्हणाली, "ताई, न्हाई बघणार मी पन."

तेव्हा तरी सांगायचे होते, नाही का? दार उघडे होते. हातात बीकर होता, तो खाली ठेवायला किती वेळ लागतो?

शकूचे चांगले झाले. ती शिकली, पिंपरीतल्याच एका दवाखान्यात परिचारिका म्हणून परत आली, आणि आज गल्लीतले लहानथोर तिला सिस्टर म्हणतात. भाऊ सर्वांत मोठ्याने म्हणतो. पण प्रयोगशाळेत एखाद्या पोराने चुकीच्या रीतीने बरोबर उत्तर काढले, तर मी ते कापून टाकते आणि पुन्हा करायला लावते. उत्तर बरोबर आले म्हणून रीत बरोबर ठरत नाही, हे मी आजवर किती जणांना ऐकवले असेल! तो नियम माझ्यापुरता शिथिल करण्याचा मला अधिकार नाही.

पुढे आम्ही काही जणांनी चिंचवडातच एक छोटे चित्रपट मंडळ काढले. कामगारांचे सभागृह, एकच प्रोजेक्टर, दर रिळानंतर दिवे लावून रीळ बदलायचे. चित्रपटाची निवड माझ्याकडे आली. सुरू होण्याआधी उठून तो का पाहावा हेही मीच सांगे. शकू सभासद झाली आणि दवाखान्यातल्या शिकाऊ मुलींना घेऊन येऊ लागली. या मुलींना ती गाडीचा चित्रपट सांगत असे. स्वतः न पाहिलेला चित्रपट, माझ्या शेवटासकट, रात्रपाळीला घाबरणाऱ्या प्रत्येक नव्या मुलीला. एकीने मला सहज विचारले, "सिस्टर नेहमी सांगतात तो पिक्चर तुम्ही कधी दाखवणार?"

एकदा निवडीसाठी तो चित्रपट आमच्याकडे आला. भर दुपारी, रिकाम्या सभागृहात मी तो बसून पुरता पाहिला. पायरीवर एक पाय ठेवलेली ती बाई पेटी आत सरकवते — आणि पाय मागे घेते. गाडी पेटी घेऊन निघून जाते. बाई रिकाम्या हाताने गिरणीकडे चालू लागते, आणि चालता चालता तिला हसू फुटते. असा शेवट मला शंभर वर्षांत सुचला नसता. माझ्या शेवटापेक्षा तो कितीतरी मोठा होता.

समितीला मी सांगितले की प्रिंट खराब आहे. रिळांचे डबे परत गेले.

गेल्या हिवाळ्यात मी आजारी असताना एका सहकाऱ्याने तोच चित्रपट ठरवून टाकला. मला कळले तेव्हा सूचना लागलेली होती. शकू पहिल्या रांगेत माझी जागा धरून बसली होती. मागे तिच्या मुली. प्रस्तावना करायला मी उठले नाही, घसा बसल्याची सबब खरीच होती. रिळामागून रीळ लागले. मुली कुजबुजत होत्या, "आता थांबती बघ गाडी." मी पडद्याकडे पाहत नव्हते. शकूच्या हातांकडे पाहत होते. ते मांडीवर शांत होते.

पेटी गेली. बाई हसली. कोणत्यातरी अनोळखी लिपीत दोन शब्द उमटले आणि दिवे लागले.

कोणी उठले नाही. आमच्याकडे दर रिळानंतर दिवे लागतातच. शकू माझ्याकडे झुकून हलकेच म्हणाली, "शेवटचं रीळ राहिलं ना ताई?"

तिच्या चेहऱ्यावर संशयाची सावलीही नव्हती. चित्रपट तिच्या डोळ्यांसमोर संपला होता. आणि चित्रपट चुकत असेल, ताई नाही, अशी तिची खात्री होती. एकच शब्द हवा होता. 'नाही' — तोच शब्द, जो कँटीनमध्ये माझ्या तोंडून किती सहज निघाला होता!

"हो," मी म्हणाले. "या प्रिंटमध्ये आलेलं दिसत नाही."

हा माझा गुन्हा. पहिला अज्ञानात झाला असे कोणी म्हणेल. हा सगळे पाहून, भर उजेडात केलेला आहे.

शकू उठून मुलींकडे वळली. "बसा गं खाली. रीळ आलं न्हाई. पुढचं मी सांगते."

"पण सिस्टर, ती तर खालीच राहिली की," एक चुणचुणीत मुलगी म्हणाली.

"गाडी हलल्यावर पळत जाऊन चढती. पेटी आत हाय तिची, सोडंल व्हय?"

मुली खुदकन हसल्या आणि बसल्या. मग शकूने शेवट सांगितला. त्यात असे बरेच होते जे मी कधीच सांगितले नव्हते. खिडकी बर्फाने चिकटलेली असते, ती दोन्ही हातांनी रेटून वर करावी लागते. समोरची म्हातारी तिला अर्धी भाकरी देते. पेटी मांडीवरच राहते, खाली ठेवायचा धीर होत नाही. गिरणीचा भोंगा होतो, आणि त्या भोंग्याला आज पहिल्यांदाच तिला उठायचे नसते.

"अन् मागं बघती का?" मुलींनीच विचारले, त्यांना उत्तर पाठ होते.

मी चपला पायांतच ठेवल्या. वडील आता स्टॉपवर येत नाहीत, सभागृहापासून माझे घर चालत जाण्याइतके जवळ आहे, आणि मला कोणतीही बस गाठायची नव्हती. तो शेवट मी पहिल्यांदाच पूर्ण ऐकला.