बिट्टू जोशीचं नाक

आमच्या भिंगारच्या गल्लीत कुणाचं काही दुखलं की डॉक्टर नंतर येतो, आधी अख्खी गल्ली येते. प्रत्येकाजवळ एक सल्ला असतो, आणि प्रत्येक सल्ल्यामागे एक मेव्हणा असतो ज्याला अगदी हेच झालं होतं. सल्ल्यांनी कुणी बरं झालंय असं माझ्या पाहण्यात नाही. किस्से मात्र घरबसल्या जमतात. मी जन्मभर शाळेत मास्तरकी केली, पण जोशीकाकांच्या कुत्र्यासाठी सर्जन शोधताना जे किस्से जमले, तेवढे मला सगळ्या नोकरीत मिळाले नाहीत. चहा घ्या, सांगते.

*

कुत्रा काकांकडे आला कसा, हे आधी ऐका.

जोशीकाका म्हणजे आमच्या भागाचे गुरुजी. लग्न, मुंज, वास्तुशांत, सगळं तेच करतात. सोवळ्याचे इतके कडक की पूजा होईपर्यंत काकूंनीसुद्धा शिवायचं नाही. अशा घरी कुत्रा येईल असं कुणी म्हटलं असतं तर आम्ही त्यालाच डॉक्टरकडे नेलं असतं.

शेजारी एक फौजी कुटुंब राहायचं. त्यांची बदली झाली थेट ईशान्येकडे. सामान ट्रकने गेलं, माणसं विमानाने निघाली आणि ऐनवेळी कळलं की असल्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला विमानात घेत नाहीत, वर त्याला श्वास पुरत नाही. बाईंनी बिट्टूला काकूंच्या हातात दिलं आणि रडत म्हणाल्या, "आंटीजी, बस, कुछ महीने."

पग जातीचा कुत्रा तो. बुटका, डोळे बटाट्याएवढे, आणि चेहरा असा की आत्ताच कुणीतरी रागावलंय. काका म्हणाले, "अंगणात राहील. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही."

बिट्टूने पाऊल टाकलं नाही. त्याने उंबऱ्यावर हनुवटी टेकली आणि तिथेच राहू लागला. काका आत पूजा करायचे, हा तिथून बघत बसायचा.

थंडी पडली तसे काका एके दिवशी काकूंवरच डाफरले. "अगं, उंबऱ्यावर बसणं अशुभ असतं. एवढंही कळत नाही? आत घे त्याला."

*

बिट्टू आत आला आणि गल्लीला त्याचं घोरणं कळलं.

एकदा एक यजमान मुलाच्या लग्नाचा मुहूर्त काढायला आले होते. आतल्या खोलीतून घर्र घर्र आवाज येत होता. यजमान बिचारे भले गृहस्थ, आवाज खाली आणून म्हणाले, "गुरुजी, काकू दमलेल्या दिसतात. झोपू द्या. मी उद्या येतो."

काकू चहाचा ट्रे घेऊन त्यांच्या मागेच उभ्या होत्या. त्या यजमानांना त्या दिवशी बिनसाखरेचा चहा मिळाला.

आम्ही सगळे हसलो. घोरणं म्हणजे गंमत, असंच वाटायचं आम्हाला. मग होळीनंतरची एक सकाळ उजाडली. काका आंघोळ करून, सोवळं नेसून फुलं काढायला निघाले होते आणि बिट्टू त्यांच्यामागे चालत होता. कोपऱ्यापर्यंत गेला आणि बसला. मग आडवाच झाला. जीभ बाहेर आली, निळी पडली. पोट भात्यासारखं हलत होतं, पण हवा आत जात नव्हती.

काकांनी परडी टाकली. त्याला सोवळ्यात उचलून छातीशी धरलं आणि अनवाणी घराकडे पळत सुटले. मी दारातच होते. काकूंनी ओला टॉवेल गुंडाळला, पंख्याखाली धरलं, तेव्हा कुठे हळूहळू जिभेला रंग आला.

काका परत आंघोळीला गेले नाहीत. त्याच सोवळ्यात भिंतीला टेकून बसून राहिले. त्या सकाळी गल्लीत कुणी सल्ला दिला नाही.

*

पहिला सल्ला दुपारी आला. बबनरावांचा.

बबनराव आमच्या समोर राहतात. मूळचे तिसगावचे, भाजीपाल्याची, पण मागेही सीट असलेली गाडी चालवतात. म्हणाले, "गुरुजी, आमच्याकडं गुरांचा एक डॉक्टर हाय. आडलेली म्हैस मोकळी करतो. त्याच्यापुढं ह्ये एवढंसं कुत्रं म्हंजी काय?"

त्यांच्याच गाडीतून आम्ही तिसगावला गेलो. नेमका बाजाराचा दिवस. डॉक्टर एका गायीमागे उभे, हात खांद्यापर्यंत आत. तोवर बिट्टूभोवती गर्दी जमली. एक म्हातारी खाली वाकून त्याचं तोंड बघत म्हणाली, "आगं बया, कशानं चेपलं गं ह्याचं त्वांड?"

"जल्मापासून तसंच हाय, आज्जी," बबनराव म्हणाले.

"ग्वाड हाय पर," म्हणत तिने त्याच्यावरून बोटं मोडली.

डॉक्टर हात धुऊन आले. त्यांनी बिट्टूला समोरून बघितलं, बाजूने बघितलं, परत समोरून बघितलं. मग म्हणाले, "गुरुजी, नाक कुठाय याचं?"

काकांनी बोटाने दाखवलं.

"हे बघा," डॉक्टर म्हणाले, "माझा हात म्हशीच्या पोटात जातो. याच्या नाकात माझ्या करंगळीचं नखसुद्धा जायचं नाही. मी हात लावला तर उगं जीव जाईल त्याचा." त्यांनी गळ्यातला पट्टा काढून छातीचा पट्टा लावायला सांगितलं, उन्हात न्यायचं नाही म्हणाले आणि पैसे घेतले नाहीत.

येताना भिंगार जवळ आल्यावर बबनराव म्हणाले, "न्हाई म्हन्ला, पर खरं बोल्ला बगा."

*

काकांची स्वतःची एक पद्धत आहे. नळ बिघडो, दात दुखो, ते दुकान किंवा दवाखाना शोधत नाहीत. ते यजमान शोधतात. नगरमध्ये कान-नाक-घशाचे एक डॉक्टर आहेत, त्यांच्या हॉस्पिटलची वास्तुशांत काकांनीच केलेली. काकांनी फोन लावला. मी शेजारीच होते.

"पेशंटचं नाव?"

"बिट्टू जोशी."

"वय?"

"सहा."

"तक्रार?"

"घोरतो. चाललं की दम लागतो."

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "काका, अहो..." तर म्हणाले, "सुमन, विचारलं तेवढं खरं सांगितलं. त्यांनी पाय किती ते विचारलं नाही."

काकूंनी बिट्टूला दुपट्यात गुंडाळलं आणि आम्ही गेलो. काउंटरवरची मुलगी आवाज ऐकून कळवळली. "आजी, बाळाला इतकं गुंडाळू नका हो. बघा कसा श्वास घेतोय."

"तेच दाखवायला आणलंय गं," काकू म्हणाल्या.

आत डॉक्टरांनी दुपटं बाजूला केलं आणि थांबले. काकांकडे बघितलं.

"गुरुजी, हा कुत्रा आहे."

"हो," काका म्हणाले, "पण नाक आहे ना?"

दुसऱ्या कुणी आम्हाला हाकलून दिलं असतं. या भल्या माणसाने दार लावून घेतलं, टॉर्च घेतला आणि गुडघ्यावर बसून बघितलं. नाकपुड्या फारच अरुंद आहेत, टाळूचा मागचा भाग लांब होऊन घशावर पडतोय, कापून मोकळं करता येतं, असं सगळं त्यांनी समजावून सांगितलं. "पण ते काम माझं नाही. मला तशी परवानगीही नाही आणि याला भूल किती द्यायची हेही मला माहीत नाही. संगमनेरला एक मुलगी आहे, जनावरांची सर्जन. मध्ये माझ्याकडे टाळूची ऑपरेशनं बघायला येऊन बसायची. तिच्याकडे जा."

गल्लीतले सगळे पुणे पुणे करत होते आणि सर्जन निघाली संगमनेरला.

*

डॉ. वैशाली मूळच्या राजूरकडच्या. शिडशिडीत, बोलणं कमी. आम्ही गेलो तर त्यांनी बिट्टूला टेबलावर घेतलंच नाही. स्वतःच त्याच्या शेजारी फरशीवर आडव्या झाल्या आणि डोळे मिटून त्याचा श्वास ऐकत राहिल्या. बिट्टूने त्यांच्या कानाला जीभ लावली, तरी हलल्या नाहीत.

उठून म्हणाल्या, "काका, ऑपरेशन मला जमतं. भीती भुलेची आहे. देताना आणि उतरताना. तो उठेपर्यंत मी तुम्हाला काही कबूल करणार नाही. पण हा उन्हाळा त्याला असाच काढायला लावू नका. निघणार नाही त्याच्याने."

काकू पदराचं टोक पिळत बसल्या होत्या. काकांनी मनातल्या मनात तिथी मोजली आणि एकादशीचा दिवस मागून घेतला. एवढा चांगला दिवस कोण सोडणार? डॉक्टरांनी बजावलं, आदल्या रात्रीपासून पोटात काही नको.

एकादशीला आम्ही पोचलो. डॉक्टरांनी विचारलं, "काही खाल्लं नाही ना त्याने?"

"छे हो," काकू म्हणाल्या, "एकादशी आहे आज. कडक उपास आहे. नुसती भगर आणि दाण्याची आमटी दिली."

डॉक्टरांनी हातमोजे काढून ठेवले.

काकूंना वाटलं कौतुक होईल. भुलेत पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत गेलं तर कुत्रा जातो, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा त्यांनी बिट्टूला उचलून पोटाशी धरलं. परतीच्या वाटेवर सारखं म्हणत होत्या, "मी मारलं असतं त्याला. माझ्या हाताने मारलं असतं." काका म्हणाले, "तू भरवलंस. मारणारी माणसं भरवत नाहीत." यावर त्या जास्तच रडल्या.

*

नवी तारीख मिळाली ती अमावास्येची.

काकांनी अख्ख्या जिल्ह्याला मुहूर्त दिलेत. अमावास्येला ते नवीन भांडंसुद्धा आणू देत नाहीत. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. डॉक्टर फोनवर सांगत होत्या, "काका, अमावास्येला माझ्याकडे कुणीच येत नाही. म्हणून अवघड ऑपरेशन मी त्याच दिवशी ठेवते. दिवसभर फक्त त्याच्याजवळ बसता येतं."

काकांनी क्षणभर विचार केला. "चालेल," म्हणाले.

फोन ठेवल्यावर काकूंनी भीत भीत विचारलं, "अहो, पण अमावास्या..."

"ती पत्रिका असणाऱ्यांना," काका म्हणाले. "बिट्टूची पत्रिका कुणी केलीय का?"

या वेळी काकूंनी आदल्या संध्याकाळी स्वयंपाकघराला कडी लावली. त्याच्यासमोर आपण खायचं नाही, असा हुकूम. काका उपाशी, काकू उपाशी, आणि शेजारधर्म म्हणून मीही. बबनराव पहाटे गाडी घेऊन आले. बर्फाची लादी, ओली पोती, सगळी तयारी त्यांनीच केलेली. वाटेत मी म्हटलं, "बबनराव, तुम्ही तरी चहा घ्या. गाडी चालवायचीय."

"नगं, बाई," ते म्हणाले. "आरशात दिसतंय मला त्ये. माज्याकडंच बघतंय."

*

ऑपरेशन ठीक झालं. डॉक्टर बाहेर आल्या, म्हणाल्या, "माझं काम झालं. आता त्याचं राहिलं. ओळखीचा वास, आवाज असला तर बरं. आत या."

बिट्टू टेबलावर कुशीवर पडला होता. तोंडात नळी, डोळे अर्धे उघडे, पण त्यात बिट्टू नव्हता. आम्ही थांबलो. काकू हाका मारून दमल्या. डॉक्टर सारख्या त्याच्या पापणीला बोट लावून बघत होत्या, आणि त्यांचं ते बघणं मला आवडत नव्हतं. मग त्यांनी कपाटातून एक बाटली काढली, सिरिंज भरली आणि त्याच्या मांडीत इंजेक्शन दिलं. काका तेव्हा बेसिनशी पाठमोरे उभे राहून हात धूत होते.

हात पुसून काका आले. उजवा तळवा बिट्टूच्या छातीवर ठेवला, डोळे मिटले आणि पुटपुटायला लागले. माझ्या लगेच लक्षात आलं. गणपती बसवताना घरोघरी मूर्तीला हात लावून म्हणतात ते. प्राणप्रतिष्ठेचं.

डॉक्टरांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी नुसता हात वर केला, म्हणू द्या.

काका म्हणत राहिले. आवाज मध्येच फाटत होता, पण शब्द चुकत नव्हते. आणि बिट्टूचा कान हलला. मग पाय. मग त्याने घोट गिळला, डॉक्टरांनी चटकन नळी काढली, आणि त्याने डोळे उघडून काकांकडे बघितलं. जीभ गुलाबी होती. श्वास चालू होता आणि खोलीत त्याचा आवाज नव्हता.

काका खुर्चीत बसले आणि उपरण्यात तोंड लपवून रडले.

डॉक्टर काकूंच्या कानाशी वाकल्या. "काकू, मी आत्ताच त्याला भूल उतरायचं..."

"बघितलं मी इंजेक्शन," काकू हळूच म्हणाल्या. "त्यांना सांगू नका. जन्मभर मातीच्या मूर्तींना म्हणत आले ते. आज पहिल्यांदा कुणी डोळे उघडून बघितलं त्यांच्याकडे."

संध्याकाळी परत निघालो. मागच्या सीटवर बिट्टूला मांडीवर घेऊन काकू बसल्या जागी झोपल्या. मी मधे, पलीकडे काका. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "सुमन, बेसिनवर आरसा होता."

"म्हणजे?"

"इंजेक्शन दिलेलं दिसलं मला." त्यांनी काकूंकडे बघितलं आणि आवाज आणखी खाली आणला. "हिला सांगू नकोस. फार घाबरली होती गं ती. म्हटलं, आपण काहीतरी करतोय असं दिसलं तर धीर येईल तिला."