वहिनीच्या मापाचा कोट

माझा दादा शिंपी. त्याच्या हाताला असं यश, की लग्नात शिवलेला कोट माणूस पोराच्या लग्नातही घालून मिरवायचा. आणि बायकोला काय? गिऱ्हाइकांच्या उरल्यासुरल्या तुकड्यांतून निघेल ते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मी तोंडावर बोलायचे, तो हसून मशीन चालवत राहायचा.

पुढे दुकान, मागे घर. घर म्हणजे एक खोली आणि एक खिडकी, तीही समोरच्या भिंतीवर उघडणारी. तिथे बल्बखाली बसून काजं करता करता वहिनीला खोकला लागला, तो छातीतच बसला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "औषधं चालू ठेवा, पण आधी हिला या खोलीतून बाहेर काढा. रोज तासभर बागेत झाडांखाली बसवा. मन रमेल, भूक लागेल. फक्त छातीला गार वारा लागू देऊ नका."

झालं. दादाने नेमकं शेवटचं वाक्य उचललं. "आधी कोट शिवतो, मग बाग," म्हणाला.

गडद निळं लोकरीचं कापड आणलं. उभ्या जन्मात पहिल्यांदा त्याने बायकोचं माप घेतलं. "इश्श, आता या वयात?" म्हणत वहिनी लाजली. कच्चे टाके घालून कोट अंगावर चढवला तर खांदे उतरले. "माप चुकलं वाटतं," म्हणत दादाने टाके उसवले, खांदे आत घेतले. पुढच्या खेपेला कंबर सैल. तीही आत घेतली. मग बाह्या लोंबायला लागल्या.

गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की त्याचं पोट किती सुटलंय हे सांगणारा माणूस हा. पण इथे म्हणे टेप सैल पडलाय. नवा टेप आणला. मग म्हणाला, "हात गेला माझा." मी तोंड उघडलं की वहिनी डोळ्यांनी मला दटावायची.

"अहो, शाल पांघरून जाऊ की," ती म्हणायची. "झाडं काय कोट बघतात?"

"दोन दिवस थांब. शिंप्याची बायको ढगळ कोटात फिरली तर लोक मला हसतील."

त्याचे दोन दिवस काही संपेनात. थंडी ऐन भरात आली, वहिनी पाण्याचा पेलाही दोन्ही हातांनी धरायला लागली. एका दुपारी दादा अस्तर आणायला बाजारात गेला आणि माझं डोकं फिरलं. "घाला चपला," मी म्हटलं. दोन शाली, माझा स्वेटर, कानाला मफलर, असा जामानिमा करून निघालो. गल्ली संपली, रस्ता ओलांडला की बागच. तेवढ्यातही ती दोनदा टेकली.

बाकावर बसल्यावर तिने चपला काढून पाय गवतावर ठेवले. ऊन पानांतून पावलांवर पडत होतं. ती कितीतरी वेळ वर बघत बसली. मग आणलेलं केळं सगळं खाल्लं, एक घासही न टाकता.

"वन्सं," ती म्हणाली, "इतकं जवळ होतं?"

मला तिथेच रडू फुटलं.

घर रिकामं बघून दादा धावत आला, हातावर तो कोट. दादा चांगला तडकलेला होता, पण जवळ येऊन उभाच राहिला. खोलीतल्या बल्बखाली जे नजरेआड करता येत होतं, ते इथे उन्हात उघडं पडलं होतं. त्याने गुपचूप कोट तिच्या खांद्यांवर घातला. तो तिला सगळीकडून गुंडाळून उरला. माप चुकलं असं काही तो या वेळी म्हणाला नाही. तिच्या शेजारी बसला आणि तिची पावलं शालीने झाकली.

मग तो तिला रोज न्यायचा, त्याच ढगळ कोटात. बागेत ती हसायची, दोन घास जास्त खायची. पण तसे दिवस फार मिळाले नाहीत. तिने अंथरूण धरलं आणि थंडी सरायच्या आत गेली.

आता संध्याकाळी दुकान बंद करून दादा बागेत जाऊन बसतो. काल मीही सोबत गेले होते. गवताकडे बघत त्याने विचारलं, "तेव्हाच शालीत आणली असती, तर चाललं असतं का गं?"

मी तिखट जिभेची बाई. या प्रश्नाचं उत्तर कधीचं माझ्या ओठांवर होतं.

"नाही रे दादा," मी म्हटलं, "तेव्हा गारठा फार होता."